खाडीकाठच्या घराचं पाणी काढायचं कुठं?

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. विचारणारा सोलापूरचा, प्रश्न मात्र कोकणातला, तेवढं सांभाळून घ्या.

बायकोच्या आजोळचं घर आता आमच्याकडं आलंय. दापोली तालुक्यात, समुद्रापासून आत, खाडीच्या काठावर. बारा गुंठे वाडी, मधे जांभ्याचं कौलारू घर, मागं साठेक मीटरवर खाडी. पुढं रस्ता आणि रस्त्यापलीकडं लगेच डोंगर. जून २०२० च्या निसर्ग वादळात कौलं उडाली, पोफळी झोपल्या, ते हळूहळू सावरलं. पण गेली तीन वर्षं जुलै-ऑगस्टात अंगणात गुडघाभर पाणी येतंय. दोनदा पडवीत आलं. चार-पाच तासांनी आपोआप उतरतं, चिखल मागं ठेवून.

तिथल्या एका कंत्राटदारानं उपाय सांगितलाय. सगळ्या वाडीत चार फूट भराव, आणि अंगणापासून खाडीपर्यंत सहा इंची पाईप. "साहेब, परत बघायला नको" म्हणाला. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी ओट्यावर बसलोच.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. चेक उलटा आला तर कळतं, पाणी उलटं आलं तर कळत नाही. जाणकारांनी सांगावं, भराव आणि पाईप हे बरोबर आहे का?

शेंगाचटणी

आमच्या नळाला पाच दिवसाआड पाणी अन् तू पाणी घालवायचं कसं म्हणून विचारतोस बे? भरून इकडं पाठव की.

नवीपेठ_नाना

+१. पाईप साठ मीटरचा कशाला, चारशे किलोमीटरचा टाका. टाकीवर मी उभा राहतो.

लेव्हलपाईप

थट्टा झाली असेल तर दोन शब्द. मी सिव्हिलवाला आहे, पण कोकणात काम केलेलं नाही. तरी काही गोष्टी पाण्याला सगळीकडं सारख्याच लागू होतात.

घराचं जोतं किती उंच आहे? जुन्या कोकणी घराचं दोन-अडीच फूट असतं. वाडीत चार फूट भराव टाकला तर घर दीड-दोन फूट खड्ड्यात गेलं. मग पाणी पडवीत दोनदा नाही, दर पावसाला येईल. हे कंत्राटदाराला सुचलं नसेल असं मला वाटत नाही. सुचलं असेल, त्याचं काम भराव विकण्याचं आहे.

हिशेब करून बघा. बारा गुंठे म्हणजे साधारण १२१४ चौरस मीटर. त्यावर चार फूट म्हणजे जवळजवळ १४८० घनमीटर, ब्रासमध्ये सव्वापाचशेच्या आसपास. सव्वापाचशे ब्रास माती एका अंगणात!

दुसरं. "चार-पाच तासांनी आपोआप उतरतं" हे तुम्ही सहज लिहून गेलात. मला तर सगळी मेख तिथंच दिसते. नुसतं पावसाचं पाणी असतं तर पाऊस थांबल्यावर उतरलं असतं. ठरल्यासारखं चार तासांनी का उतरतं? कुठल्या तारखांना आलं, किती वाजता चढलं, हे आठवतंय का? मोबाईलमधल्या फोटोंवर वेळ असते.

शेंगाचटणी

म्हणजे आधी घर उचलायचं, मग भराव. जॅक लावून उचलतात म्हणे हल्ली. व्हिडिओ बघितलाय.

लेव्हलपाईप

उचलतात, खोटं नाही. पण ते बहुतेक विटा-काँक्रीटचं, खाली पट्टा घेता येईल असं घर असतं. मातीत रचलेला शंभर वर्षांचा जांभा जॅकवर घ्यायला मी तरी जाणार नाही.

जुळेसोलापूरकर

जोतं मोजलेलं नाही, पण तीन पायऱ्या आहेत. म्हणजे दोन फुटांच्या आतबाहेर. खड्ड्याचा मुद्दा ऐकून घाम फुटला.

फोटो काढून बघितले. पडवीत पाणी आलं ते दोन्ही दिवस कालनिर्णयमध्ये पाहिले. एक अमावास्या, दुसरा पौर्णिमेनंतरचा दिवस. दोन्ही वेळा दुपारी बाराच्या सुमारास चढायला लागलं, चारपर्यंत उतरलं. बायको म्हणते, बरोबर आहे, पानं वाढलेली होती.

खाडीकाठ

मी मूळची गुहागरकडची, लग्नानंतर बावीस वर्षं सोलापुरात. भाकरी कडक करायला शिकले, पण खाडी विसरले नाही.

काका, तुमचं उत्तर तुम्हीच दिलंत. आमच्याकडे जुने लोक भरतीची वेळ घड्याळ न बघता सांगत. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा. दिवसा एकदा, रात्री एकदा, आणि रोज पाऊण-एक तास पुढे. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी सगळ्यात वर चढतं. अष्टमीच्या बाजूला भांग, तेव्हा भरतीला जोर नसतो. तुमच्या पडवीत पाणी आलं ते उधाणाच्या भरतीला, अगदी तिच्या वेळेवर.

म्हणजे खाडीच तुमच्या अंगणात आली असं नाही. तसं असतं तर उन्हाळ्यातल्या उधाणालाही आली असती. झालं असं की वरून पाऊस कोसळतोय आणि खालचं दार बंद. खाडी भरलेली असताना अंगणातलं पाणी जाणार कुठे? ओहोटी लागली की दार उघडतं, पाणी उतरतं.

त्यामुळे खाडीपर्यंत उघडा पाईप टाकताना शंभरदा विचार करा. पाईपला आतलं-बाहेरचं कळत नाही. त्याचं अंगणातलं टोकही उधाणाच्या पातळीखाली असेल तर तोच पाईप खारं पाणी अंगणात आणून सोडेल. विहीर आहे ना? ती मचूळ झाली की मग सोलापूरसारखीच पाण्याची वाट बघायची.

मोहोळकर

खाडीकाठ ताई, "खालचं दार बंद" हे आम्ही समुद्राशिवाय बघितलंय. सप्टेंबर २०२५ ला सीना अशी आली की लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद पडला. आमच्या गावात त्या दिवशी पाऊस फार नव्हता. वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी, नदी फुगलेली, आणि ओढ्यानं नदीत जायचं ते उलटं फिरून वस्तीत. ओढा आयुष्यभर नदीला मिळत होता, त्या दिवशी नदी ओढ्याला मिळाली. माझ्या चुलत्यानं गोठ्याला दोन फुटी पाईप टाकला होता "निचऱ्यासाठी". पहिलं पाणी त्याच पाईपातून आत आलं.

होटगीरोडवाला

आमच्या सोसायटीची कथा ऐका. ऑक्टोबर २०२० ला पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी. लोक म्हणाले पाईप लहान आहे. पैसे जमवून नऊ इंची टाकला. पुढच्या मोठ्या पावसात परत तेच. मग एकानं विचारलं, हा पाईप जिथं नाल्यात सोडलाय तिथं नाला किती भरतो? बघायला गेलो तर पाईपचं तोंड दिसेना, नाल्याच्या पाण्याखाली. पाईप आमचा भारी होता, जायला जागा नव्हती.

त्यात रस्ता. डांबरावर डांबर, वर काँक्रीट. मी राहायला आलो तेव्हा फाटकातून रस्त्यावर एक पायरी उतरायचो, आता एक पायरी चढतो. पंधरा वर्षांत घर हललं नाही, मी हललो नाही, आणि तरी आम्ही खाली गेलो.

नवीपेठ_नाना

शहरातले जुने लोक सांगतील, आदिला नदी म्हणायचे, आता नाला म्हणतात. नाव छोटं केलं, पाणी छोटं झालं नाही.

कोर्टाची_पायरी

भरावावरून एक गोष्ट. १८८२ चा ईझमेंट्स ॲक्ट आहे, दुसऱ्याच्या जमिनीवरच्या वहिवाटीच्या हक्कांचा. वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिक उतारानं खालच्या जमिनीत जाऊ देणं हा वरच्याचा हक्क त्यात उदाहरण म्हणून दिलाय. तुम्ही चार फूट चढलात तर पाणी शेजाऱ्याच्या अंगावर ढकलाल, शेजारी कोर्टात जाईल, तो मुद्दा वेगळा. त्याआधी हे बघा की सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम नुसत्या समुद्रकिनाऱ्याला नाहीत, भरतीचं पाणी जिथपर्यंत पोचतं त्या खाडीलाही आहेत. काठावर कांदळवन असेल तर त्याला हात लावायचाच नाही. जेसीबी लावण्याआधी तहसीलमध्ये नकाशा बघून या. बँकेत होतात, कागद आधी हे तुम्हाला सांगायला नको.

माहेरची_रत्नागिरी

संडासाचं काय हे कुणी विचारलंच नाही! आमच्या माहेरी नवीन फायबरची सेप्टिक टाकी बसवली. पावसाळ्याआधी उपसून स्वच्छ केली, भावाला वाटलं शहाणपणा केला. जुलैत जमिनीतलं पाणी हातभर खोलीपर्यंत वर चढलं आणि रिकामी टाकी बाटलीसारखी वर आली. पाईप तुटले. आठ दिवस शेजारी जात होतो. आता खाली काँक्रीटचा तळ करून तिला पट्ट्यांनी बांधलीय, आणि पावसाळ्याच्या तोंडावर कधी उपसत नाही.

शोषखड्ड्याचंही तसंच. जमिनीत आधीच पाणी भरलेलं असताना खड्डा काय शोषणार.

काळी_माती

शोषखड्ड्यावरून आमच्याकडची गंमत. सोलापूरच्या काळ्या मातीत शोषखड्डा घेणं म्हणजे रबराच्या पिशवीत पाणी ओतणं. माती भिजली की फुगते, भेगा मिटतात, पाणी तिथंच. खाली मुरूम लागेपर्यंत खणलं तर जिरतं. आणि भिंतीला चिकटून तर कधीच नाही. मी स्वतः केलेली चूक सांगतो. घराभोवती तीन फुटी फरशी केली, उतार बाहेर दिला, सगळं पुस्तकाप्रमाणं. उन्हाळ्यात माती आकसली, फरशी आणि भिंत यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट पडली. पहिल्या पावसात गच्चीचं सगळं पाणी त्या फटीतून सरळ घराच्या पायात. भिंतीला जिन्यासारखी तिरकी भेग. आता दर मेमध्ये फट भरतो, दिवाळीची रंगरंगोटी राहिली तरी चालेल.

शेंगाचटणी

धागा दापोलीला निघाला होता, होटगी रोडवर अडकला.

लेव्हलपाईप

अडकलेला नाही, त्याच रस्त्यानं चाललाय. होटगीरोडवाल्यांनी सांगितलं तेच जुळेसोलापूरकरांना हवं आहे. निचऱ्याचं काम शेवटापासून सुरू करायचं. पाणी जिथं सोडणार तिथली पातळी आधी, पाईपचा व्यास सगळ्यात शेवटी.

आता आकडे. सहा इंची पाईप शंभराला एक उतारानं भरून वाहिला तर सेकंदाला अठरा-एकोणीस लिटर नेतो. तुमच्या कौलांचं क्षेत्र समजा दीडशे चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरला तरी छपराचं पाणी सेकंदाला दोन लिटरच. म्हणजे छपराच्या पाण्याला पाईप कितीतरी मोठा आहे. तो टाकला तरी अंगण भरेल. कारण एक, भरतीला पाईपचं तोंड बंद. कारण दोन, ते पाणी तुमचं नाहीच.

तोंड साडेतीन तास बंद आहे आणि तासाला ४० मिलिमीटर पडतोय असं धरा. बारा गुंठ्यांत तेवढ्या वेळात १७० घनमीटर पडलं. निम्म्याहून थोडं जास्त वाहिलं तर एक लाख लिटर, सोलापुरी भाषेत दहा हजारी टँकर दहा. एवढं कुठंतरी थांबवता येईल. वाडीतला तीन गुंठ्यांचा तुकडा फूटभर खोल ठेवला तर नव्वद हजार लिटर त्यातच बसतात. पण समोरच्या डोंगराचा फक्त एक हेक्टर तुमच्या दिशेनं वाहत असेल तर? निम्मंच वाहिलं तरी तेवढ्याच वेळात सत्तर टँकर. ते कशात बसवणार?

माझा अंदाज आहे की तुमचा शत्रू खाडी नाही, रस्त्यापलीकडचा डोंगर आहे. खाडी फक्त दार लावते.

पंपवाला

एवढं पाल्हाळ कशाला? कोपऱ्यात खड्डा करा, पाच एचपीचा मड पंप ठेवा, पाणी आलं की बटण दाबा. मुंबईत तरी दुसरं काय केलंय? हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला, सगळीकडं पंपच.

खाडीकाठ

बटण कोण दाबणार? काका सोलापुरात. आणि उधाण, पाऊस आणि वारा एकत्र आले की कोकणात पहिली गोष्ट लाईट जाते.

मुंबईचं उदाहरण दिलंत ते मात्र बरोबर आहे, फक्त उलट्या बाजूनं. तिथले जुने नाले तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी आणि ओहोटी धरून बांधलेले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, आणि भरती होतीच. बऱ्याच नाल्यांची तोंडं भरतीच्या खाली, म्हणून ते पंप बसवावे लागले. महापालिकेकडे माणसं आहेत, जनरेटर आहेत. आपल्याकडे एक शेजारची काकू असते.

आणि चिपळूण? २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आली तेव्हा माझी मावशी माळ्यावर दोन दिवस होती. वरून पूर, खालून खाडीची भरती. तिथं कुठला मड पंप लावणार. काही पाण्याला फक्त वाट द्यायची असते आणि सामान वर ठेवायचं असतं.

आमच्या आजोबांच्या वाडीत एक साधी गोष्ट होती. खारं पाणी अडवायच्या बांधाला, खारबंदिस्तीला, असते तशी उघाडी. बांधाला भोक, त्यावर बाहेरच्या बाजूनं लटकणारी फळी. भरती आली की पाणीच फळी दाबून बंद करतं. ओहोटीला आतलं पाणी फळी ढकलून जातं. ना वीज ना माणूस. भातखाचरं वाचवायला कोकणात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. काका, तुमच्या वाडीत जुना काही बांध किंवा चर आहे का बघा.

पंपवाला

बरं, मग फळी कुजली की?

खाडीकाठ

बदलायची. पंपाची मोटर जळाली की काय करता?

निचरा_शिरोळ

मधेच येतो. आमच्याकडं क्षारपड उसाच्या रानात सच्छिद्र पाईप जमिनीखाली पुरतात, आणि तिथंही वाद याच गोष्टीवर होतो. रानात पाईप कसे टाकायचे याला कुणी अडत नाही, पण ते पाणी शेवटी ज्या ओढ्यात पडायचं तो गाळानं भरलेला, आणि ओढा कुणाच्या एकट्याच्या मालकीचा नाही. दहा शेतकरी एकत्र येऊन ओढा काढला तर पाईप चालतात, नाहीतर लाखभर रुपये मातीत. पुढचं तुम्ही बघा.

लेव्हलपाईप

जुळेसोलापूरकर, जाणार आहात का तिकडं? गेलात तर गवंड्याची पारदर्शक नळी घेऊन जा, पंधरा मीटरची बास. पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं. खाडीच्या काठापासून टप्प्याटप्प्यानं खुणा करत अंगणापर्यंत या. उधाणाच्या दिवशी दुपारी भरती पूर्ण झाली की पाणी कुठवर आलं तिथं खडूनं रेघ मारा. दोनशे रुपयांच्या नळीत दोन लाखांचं उत्तर मिळेल.

शेंगाचटणी

नळी सोलापुरातनं नेऊ नका, आमच्याकडच्या नळीला पाण्याची सवय नाही.

जुळेसोलापूरकर

(सतरा दिवसांनी)

परत आलो. उशीर झाला, माफ करा. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी माझा पैसा वाचवला असं आता वाटायला लागलंय.

अमावास्येला धरून गेलो. मी, मेहुणा आणि नळी. दुपारी बारा वाजून गेल्यावर खाडी आमच्या मागच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पायाशी आली आणि थांबली. रेघ मारली. मग नळीनं चार टप्पे. दोनदा चुकलो, एकदा मेहुण्यानं टोकावर अंगठा ठेवला होता आणि पाणी हलत नाही म्हणून मलाच बोलत होता. शेवटी निघालं ते असं: अंगण भरतीच्या रेघेपेक्षा फक्त ४० सेंटिमीटर वर.

आता कंत्राटदाराचा पाईप. अंगणात फूटभर खोल सुरू, साठ मीटरला शंभराला एक उतार म्हणजे आणखी ६० सेंटिमीटर. तोंड अंगणापेक्षा ९० सेंटिमीटर खाली, म्हणजे भरतीच्या रेघेखाली ५० सेंटिमीटर. खाडीकाठ ताई, त्यानं खाडी अंगणाच्या तोंडाशी आणायचाच पाईप सांगितला होता. आणि मी निम्मी रक्कम उसळ म्हणून देणार होतो. (उचल लिहायचं होतं. मोबाईलला भूक लागलीय.)

पण खरी गोष्ट पुढंच आहे, लेव्हलपाईप म्हणाले तशी. रस्त्याखाली एक मोरी आहे, दोन फुटी. डोंगरावरचा पऱ्ह्या, म्हणजे ओहोळ, त्या मोरीतून आमच्या हद्दीच्या बाहेरून खाडीत जायचा. मी वाकून बघितलं तर पलीकडचा उजेड दिसेना. गाळ, जांभ्याची खडी, पोफळीच्या झावळ्या, एक चप्पल. वादळात पडलेली झाडं कुणीतरी पऱ्ह्यातच ढकललेली. मोरी बंद म्हणून पाणी रस्त्यावर चढतं आणि सगळ्यात खालचं फाटक शोधतं. ते फाटक आमचं.

शेजारच्या काकूंना विचारलं, पूर्वी पाणी यायचं का? म्हणाल्या, "तुमच्या आज्यानं दर वैशाखात पऱ्ह्या काढला, म्हणून नाय यायचं. आता कोण काढतो?" मग त्यांनीच वाडीच्या मागं नेलं. झावळ्यांच्या ढिगाखाली दगडानं बांधलेली चर! हातभर रुंद, गडग्यापर्यंत. गडग्यात चौकोनी भोक, वर दगडात दोन खाचा. फळीच्या. फळी नाही. काकू म्हणतात त्यांना आठवतेय, लहानपणी त्यांनी तिच्यावर उभं राहून मार खाल्लाय.

दोन गडी लावून चर मोकळी केली, मोरीच्या आमच्या बाजूचा गाळ काढला. रस्त्याच्या कामासाठी ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय. भराव रद्द. कंत्राटदार म्हणाला, "साहेब, पाऊस आल्यावर फोन कराल."

होटगीरोडवाला

चप्पल कुणाची ते कळलं का?

कोर्टाची_पायरी

अर्जाची पोच घेतलीत ना? शिक्का?

जुळेसोलापूरकर

शिक्का आहे. तारीखही आहे. बँकेत चौतीस वर्षं काढली.

लेव्हलपाईप

उत्तम काम. दोन सूचना. रस्त्याच्या कडेनं, फाटकाच्या वरच्या अंगाला एक आडवी चर घ्या, डोंगराचं जेवढं पाणी वरच्यावर वळेल तेवढं वळवा. आणि वाडीचा मागचा सखल तुकडा आहे तसाच ठेवा. तिथं भर टाकायचा मोह होईल, शेजारी टाकेलही, तुम्ही टाकू नका. भरती असताना पाणी थांबायला तीच जागा आहे. नारळाला चार तास पाणी चालतं.

आणि हो, होटगीरोडवाल्यांचा किस्सा विसरू नका. मोरीच्या वर रस्ता परत चढवला तर सगळं गणित परत करावं लागेल.

माहेरची_रत्नागिरी

सखल तुकड्यात पाणी दोन दिवसांपेक्षा जास्त राहिलं तर डास. कायम पाणी राहणारी डबकी असतील तर गप्पी मासे सोडा. आणि सेप्टिक टाकी बांधलीत का?

पंपवाला

मी अजूनही म्हणतो, एक छोटा पंप असू द्या. डिझेलचा. उधाण आणि ढगफुटी एका दिवशी आली तर फळी बंद आणि आत पाणी, तेव्हा माझी आठवण येईल.

लेव्हलपाईप

हे पंपवाल्यांचं बरोबर आहे. उघाडी पाणी आत येऊ देत नाही, आतलं बाहेर फेकत नाही. दोन वेगळ्या गोष्टी.

खाडीकाठ

मान्य. काकूंना डिझेल पंप सुरू करता येतो का विचारा. आमच्याकडच्या काकूंना सगळं येतं.

काका, खरी अडचण मला वेगळीच वाटते. तुमच्या आजेसासऱ्यांनी दर वैशाखात पऱ्ह्या काढला, कारण ते तिथे होते. निम्मं कोकण मुंबईत आणि तुम्ही सोलापुरात. वरचा गाळ दरवर्षी येणार. बांधकाम एकदा होतं, गाळ दरवर्षी काढावा लागतो. कुणाला तरी वर्षाला ठरवून पैसे द्या, आणि काम झाल्याचा फोटो मागा. नात्यावर सोडू नका.

जुळेसोलापूरकर

काकूंच्या मुलाशी बोललोय. मेअखेर मोरी आणि चर, गणपतीआधी परत एकदा. फोटो पाठवल्यावर पैसे. काकू म्हणाल्या, फोटो कशाला, मी खोटं बोलते का. त्यामुळं आता फोटो नाही, काकूंचा फोन.

एक शंका राहिली. फळी कशाची करू? मेहुणा म्हणतो प्लास्टिकची झडप मिळते तयार, बिजागरीसकट.

खाडीकाठ

तयार झडप चांगली, कुजत नाही. पण बिजागरी लोखंडी नको, खाऱ्या हवेत दोन पावसाळे टिकणार नाही. आमच्या आजोबांची ऐनाच्या लाकडाची फळी होती, जड. जड असली की नीट बसते. प्लास्टिकची हलकी असते, तिच्यात झावळीचा तुकडा अडकला तरी उघडी राहते. आतून, चरीच्या बाजूनं जाळी लावा. जाळी साफ करायचं कामही काकूंच्या मुलाच्या यादीत घाला.

शेंगाचटणी

आणि खेकडा अडकला तर?

खाडीकाठ

तर तो काकूंचा.

नवीपेठ_नाना

सगळं झालं. आता त्या दहा टँकरचं काय ठरलं? आमच्याकडं उद्या पाण्याचा दिवस नाही.